‘भेग नाही’ आणि ‘भेग दिसली नाही’

एकाच रस्त्यावर मी पाच महिन्यांच्या अंतराने दोनदा गेले. पहिल्यांदा मे महिन्यातल्या भर दुपारी, ताशी ८० किलोमीटर वेगाने, वातानुकूलित गाडीत बसून. दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या अखेरीस, पहाटे, पायी. पहिल्या फेरीनंतर मी अहवालात लिहिलं होतं, ‘या टप्प्यात उपचार करावा लागेल अशी आडवी भेग नाही.’ दुसऱ्या फेरीत त्याच टप्प्यातल्या नऊ काँक्रीट पॅनेलांवर मी खडूने फुल्या मारल्या. पुढे ती नऊच्या नऊ पॅनेलं फोडून पुन्हा ओतावी लागली.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुण्यातल्या एका लहान गटात काम करते. काँक्रीटच्या पृष्ठभागाची त्रिमितीय चित्रं घ्यायची आणि त्यांतून भेगा आपोआप शोधायच्या, हे आमचं काम. या तंत्रावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. म्हणूनच ते वापरताना मी कुठे चुकले ते सांगायला हवं असं वाटतं. रस्ता मराठवाड्यातला होता, एवढं पुरे. काम ज्यांचं होतं त्यांच्याकडे मला बोट दाखवायचं नाही. इथे लिहिलेल्या चुका माझ्या आहेत.

साध्या फोटोतून भेग शोधणं अवघड जातं, कारण फोटोत फक्त उजेड आणि काळोख असतो. तेलाचा ओघळ, टायरचा वळ, विजेच्या तारेची सावली, सगळंच भेगेसारखं काळं दिसतं. त्रिमितीय पद्धतीत रंग बाजूला ठेवून उंची मोजतात. गाडीच्या मागच्या बाजूला उंचावर लेझर बसवलेला असतो. तो रस्त्यावर चार मीटर लांबीची बारीक आडवी प्रकाशरेषा टाकतो आणि कॅमेरा त्या रेषेकडे तिरपा बघतो. पृष्ठभाग सपाट असेल तर रेषा सरळ दिसते. खळगा आला की तेवढ्या जागी ती सरकते, आणि किती सरकली यावरून खोली काढता येते. ताणून धरलेला दोरा एखाद्या जागी झोळ खातो, तशी भेगेवर ती रेषा झोळ खाते. प्रकाश यंत्राचा स्वतःचा असल्यामुळे सावल्यांचा त्रास होत नाही आणि रात्रीही काम करता येतं. तेलाच्या डागाला खोली नसते, म्हणून तो आपोआप गळतो. मी पहिल्यांदा ही चित्रं पाहिली तेव्हा हरखून गेले होते. सगळा रस्ता करड्या रंगात, आणि त्यात भेगा नदीच्या नकाशासारख्या उमटलेल्या.

आमच्या यंत्रात एका रेषेवर सुमारे चार हजार बिंदू मोजले जात. चार मीटरला चार हजार, म्हणजे मिलिमीटरला एक बिंदू. ‘आम्ही एक मिलिमीटरपर्यंत बघतो’ असं मी बैठकीत सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पण ते रस्त्याच्या रुंदीच्या दिशेने खरं होतं. लांबीच्या दिशेने काय, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी स्वतःहून सांगितलं नाही. खरं तर तो हिशेब मी मांडलाच नव्हता.

ऑक्टोबरात फोन आला. दोन पॅनेलांचे कोपरे तुटले होते आणि अवजड ट्रक गेला की पॅनेल हलताना दिसत होतं. मी माझ्या चित्रांचा संच घेऊन निघाले. दुपारी पोचले आणि तासभर हिंडले. टोपीखालून घाम गळत होता, डोळे दिपत होते, आणि तुटलेले कोपरे सोडून बाकी पॅनेलं मला धडधाकट वाटत होती. देखभालीच्या गँगवर एक वयस्कर मुकादम होते. ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, “मॅडम, ह्या उन्हात काय दिसणार? रस्ता तापला की चीर मिटून घेती. पहाटं या. मी पाणी घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते दोन कॅन पाणी आणि खराटा घेऊन हजर होते. एक लेन आधीच बंद केलेली होती. त्यांनी पॅनेल झाडलं, त्यावर पाणी ओतलं, खराट्याने पसरवलं आणि म्हणाले, “आता थांबा.” आम्ही थांबलो. पाच-सात मिनिटांत वारा आणि उजेड यांनी पृष्ठभाग सुकू लागला. गडद करडं काँक्रीट कडेकडेने फिकट होत गेलं, आणि पॅनेलच्या मधोमध एक ओली रेघ मागे राहिली. सगळीकडचं पाणी उडून गेलं होतं. भेगेत शिरलेलं पाणी तसंच होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थोडी नागमोडी, पण सलग. मी गुडघ्यावर बसून भेगमापकाची पारदर्शक पट्टी तिच्यावर ठेवली. काही ठिकाणी सव्वा मिलिमीटर, काही ठिकाणी जवळजवळ दोन. रेघेच्या कडेला बारीक चिखलाचा वाळलेला थर होता. पावसाचं पाणी आत शिरतं, चाकाच्या दाबाने पॅनेल खाली दबतं आणि तळाची बारीक माती पाण्याबरोबर वर फेकली जाते. असं वारंवार झालं की पॅनेलखाली पोकळी होते, आणि मग पॅनेल तुटतं.

“काका, ही कधीपासून आहे?” मी विचारलं.

“पावसाच्या आधीपासनं,” ते म्हणाले. “तुमची गाडी आली होती तवाबी होती.”

आता मी काय केलं ते सांगते, कारण मला तेच सगळ्यात जड गेलं. पुण्याला परतताना मी मनात नव्या अहवालाचं वाक्य जुळवत होते: ‘सदर भेगा पावसाळ्यात निर्माण झालेल्या दिसतात.’ हे वाक्य लिहिलं असतं तर माझ्यावर काहीच आलं नसतं. मे महिन्यात भेगा नव्हत्या, पावसात पडल्या, संपलं. दोन दिवस ते वाक्य माझ्या संगणकावर तसंच होतं.

ते पुसलं गेलं एका गाभ्यामुळे. अशा वेळी पॅनेलला यंत्राने भोक पाडून काँक्रीटचा दंडगोल काढतात. त्याला साइटवर सगळे ‘कोअर’ म्हणतात. आम्ही भेगेवरच कोअर घेतला. तो हातात आला तेव्हा भेग वरपासून खालपर्यंत, पॅनेलच्या पुऱ्या जाडीतून, म्हणजे ३०० मिलिमीटर गेलेली होती. भेगेच्या बाजू उघडून पाहिल्या. खडी शाबूत होती. भेग प्रत्येक खड्याला वळसा घालून गेली होती. काँक्रीट पक्कं झाल्यावर तडकलं तर भेग बऱ्याचदा खडीलाही कापून जाते, कारण तोवर सिमेंटची पकड मजबूत झालेली असते. ती खडीला वळसा घालते तेव्हा काँक्रीट कोवळं असताना तडकल्याची ती खूण असते. म्हणजे ही भेग रस्ता बांधला त्याच दिवसांतली होती. वय तीन वर्षं. पावसाने ती फक्त वाढवली होती.

त्या रात्री मी ते वाक्य काढून टाकलं आणि मे महिन्याची मूळ चित्रं पुन्हा उघडली.

पहिली चूक वेगाची. आमचं यंत्र सेकंदाला ५,६०० रेषा घेत होतं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. भागाकार केला तर दोन रेषांमधलं अंतर ४ मिलिमीटर येतं. आडवी भेग लेनच्या रुंदीला समांतर जाते, आणि आमची लेझररेषाही त्याच दिशेची. दीड मिलिमीटरची भेग दोन रेषांच्या मधल्या रिकाम्या जागेत सहज राहू शकते. भेग थोडी नागमोडी असल्यामुळे ती अधूनमधून एखाद्या रेषेवर सापडते, मग पुन्हा निसटते. चित्रात ती सलग न दिसता तुकड्यातुकड्यांनी उमटते. हा वेग मी ठरवला होता, काम दोन दिवसांत संपावं म्हणून. तोच भागाकार आधी एका कागदावर केला असता तर ताशी २० हा वेग निघाला असता.

दुसरी चूक गाळणीची. काँक्रीट रस्त्यावर पाणी साचून चाकं घसरू नयेत म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या बारीक खाचा ओढतात, सुमारे ३ मिलिमीटर रुंद. शिवाय साधारण साडेचार मीटरवर कापलेला जॉइंट असतो. खोलीच्या चित्रात खाच, जॉइंट आणि आडवी भेग ही तिन्ही भावंडं दिसतात. सुरुवातीला आमची प्रणाली हजारो खोट्या भेगा दाखवत होती. मी दोन नियम घातले. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटरपर्यंत काही सापडलं तर सोडून द्यायचं. ३० सेंटीमीटरपेक्षा लहान आडवा तुकडा सापडला तर तोही सोडून द्यायचा. खोट्या भेगा जवळजवळ संपल्या. सगळे खूश झाले, मीही. त्या नऊ पॅनेलांपैकी पाचांची भेग जॉइंटपासून चार-सहा बोटांवर होती, ती पहिल्या नियमात गेली. उरलेल्या चारांची भेग पॅनेलच्या मधोमध होती. ती तुकड्यांनी उमटली होती, म्हणून दुसऱ्या नियमात गेली. कच्च्या चित्रात बारकाईने पाहिल्यावर ते तुकडे मला दिसले. यंत्राने त्यांची खूण ठेवली होती. ती मी पुसली होती.

तिसरी चूक वेळेची. काँक्रीट तापलं की प्रसरण पावतं. साडेचार मीटरच्या पॅनेलचं तापमान २० अंशांनी बदललं तर सरळ हिशेबाने त्याची लांबी सुमारे ०.९ मिलिमीटरने बदलते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी पॅनेल पुरतं फुगलेलं असतं आणि भेगेच्या कडा एकमेकींना भिडलेल्या असतात. भेग शोधायला वर्षातली सगळ्यात वाईट वेळ मी निवडली होती. मुकादमांना हे माहीत होतं. प्रसरणाचा गुणांक मला पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होता.

चौथी चूक परीक्षेची. चित्रांवरून भेगा ओळखायला शिकणारी आमची प्रणाली मी स्वतः तपासली होती आणि ९७ टक्के अचूकता आल्याचं अभिमानाने लिहिलं होतं. त्या आकड्यात दोन दोष होते. चित्रातल्या शंभर बिंदूंपैकी जेमतेम एखादा भेगेचा असतो. ‘कुठेच भेग नाही’ असं डोळे मिटून सांगणाऱ्या प्रणालीलाही मग ९९ टक्के मिळतील. विचारायला हवं होतं ते वेगळं: खऱ्या भेगांपैकी किती पकडल्या, आणि आडव्या भेगांपैकी किती? दुसरा दोष असा, की मी चित्रांचे तुकडे पाडून ते पत्त्यांसारखे पिसले आणि काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवले. एकाच भेगेचा अर्धा भाग धड्यात आणि उरलेला अर्धा प्रश्नपत्रिकेत गेला. अभ्यासातलीच गणितं परीक्षेत आली तर मुलाला पैकीच्या पैकी मिळणारच.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. २०१७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रॅकनेट ही प्रणाली मांडली. रस्त्याच्या त्रिमितीय चित्रांत बिंदूबिंदूपर्यंत भेग ओळखणारी ती प्रणाली वाचून मी भारावले होते आणि आमची रचना त्याच वाटेने केली. पण ते काम डांबरी रस्त्यांवरचं होतं, हे त्या निबंधाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. डांबरी रस्त्यावर साडेचार मीटरला जॉइंट नसतो, आडव्या खाचा नसतात. तिथे ज्या गोष्टीचा प्रश्नच येत नाही, तोच काँक्रीटवरचा मुख्य प्रश्न आहे. मी पद्धत उचलली आणि ती कोणत्या जमिनीवर वाढली ते पाहिलं नाही.

पाचवी चूक मला सगळ्यात मोठी वाटते. बांधकामाच्या वेळी रोजची नोंदवही ठेवतात. काँक्रीट किती वाजता ओतलं, जॉइंट किती वाजता कापला, हवा कशी होती, सगळं त्यात असतं. ओतल्यानंतर काही तासांत, काँक्रीट कापता येण्याइतपत घट्ट होताच जॉइंट कापावा लागतो. काँक्रीट आकसत असतं आणि त्याला कुठेतरी तुटायचंच असतं. आपण वेळेवर खाच दिली तर ते खाचेखाली तुटतं. उशीर झाला तर ते आपली जागा आपण शोधतं. नोव्हेंबरात मी ती वही मागवली. निळ्या शाईतली नोंद होती: रात्री कटिंग मशीन बंद पडलं, जॉइंट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कापले. चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं नेमकं ठिकाण, लिहिलेलं होतं. नऊच्या नऊ पॅनेलं त्या एका रात्रीची होती. ती वही मे महिन्यातही त्याच कपाटात होती. मी मागितली नव्हती. मला वाटलं होतं, माझ्याकडे प्रत्येक मिलिमीटरचं चित्र आहे, वही कशाला?

कॉलेजात आम्हाला कोयना धरणाचं उदाहरण शिकवलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला आडव्या भेगा पडल्या. त्या वाटेल तिथे पडल्या नाहीत. धरणाच्या प्रवाहाखालच्या बाजूचा उतार वर जाताना जिथे एकदम बदलतो, साधारण त्याच उंचीवर पडल्या, कारण ताण तिथे एकवटतो. आजही जगभरचे अभियंते आपली गणिती प्रारूपं कोयनेवर तपासून पाहतात. भेगेला कारण असतं आणि म्हणून तिला ठरलेली जागा असते, हा त्याचा धडा. यंत्र सगळीकडे सारखंच बघतं. कुठे जास्त निरखून बघायचं ते यंत्राला सांगणं हे अभियंत्याचं काम, आणि ते मी केलं नव्हतं.

खोलीबद्दलही मी चुकीचं लिहीत आले होते. आमच्या तक्त्यात ‘भेगेची खोली’ असा रकाना होता आणि त्यात ४, ५, ६ मिलिमीटर असे आकडे असत. कॅमेऱ्याची तिरपी दृष्टी भेगेच्या तोंडापलीकडे पोचत नाही, आणि तोंडाशी धूळ भरलेली असते. कोअर काढलेल्या पॅनेलाच्या शेजारी आम्ही जिथे भेग पकडली होती तिथे खोली ५ मिलिमीटर नोंदली होती. कोअर म्हणत होता, ३००. आता त्या रकान्याचं नाव ‘वरून दिसलेली खोली’ असं आहे.

मी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं आणि सुधारित अहवाल तयार केला. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं, की मे महिन्यातला निष्कर्ष चुकीचा होता आणि भेगा तेव्हाही अस्तित्वात होत्या. वेळेवर सापडल्या असत्या तर भेगांमध्ये सीलंट भरून, भेगेच्या आरपार जाणारे डॉवेल बार बसवून बरीच पॅनेलं वाचवता आली असती. बैठकीत कठोर प्रश्न आले आणि ते योग्य होते. आम्ही तो सगळा रस्ता आमच्या खर्चाने पुन्हा मोजला: जानेवारीत, पहाटे, ताशी २० च्या वेगाने.

त्यानंतर एका उंच पाण्याच्या टाकीचं काम आलं. तिच्या खांबांच्या भेगा स्कॅनरने मोजून द्या, अशी मागणी होती. आयएस ४५६ या भारतीय मानकात भेगेच्या रुंदीची मर्यादा साधारणपणे ०.३ मिलिमीटर आहे, ओलाव्याच्या जागी ०.२, आणि तीव्र वातावरणात ०.१. लांब उभ्या केलेल्या लेझर स्कॅनरच्या मोजमापात मिलिमीटरभर डळमळ असतेच. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की टाकी कलली आहे का, खांब वाकला आहे का हे स्कॅनर उत्तम सांगेल. ०.२ ची भेग मात्र जवळून काढलेले फोटो आणि सूक्ष्मदर्शक यांनीच मोजावी लागेल. काम थोडं कमी पैशांचं झालं, पण अहवालातला प्रत्येक आकडा मोजलेला होता.

आता आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. मोजणीआधी नोंदवही मागायची. वेग भागाकार करून ठरवायचा. प्रणालीची परीक्षा तिने कधीच न पाहिलेल्या रस्त्यावर घ्यायची आणि आडव्या, उभ्या, कोपऱ्यातल्या भेगांचे गुण वेगवेगळे लिहायचे. गाळलेलं काही पुसायचं नाही, वेगळ्या थरात ठेवायचं. आणि दर टप्प्यात चिठ्ठ्या टाकून काही पॅनेलं निवडायची, पहाटे जाऊन त्यांवर पाणी ओतायचं आणि थांबायचं. ही शेवटची रीत त्या मुकादमांची आहे. आमच्या कार्यपद्धतीच्या कागदात ती लिहिलेली आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ‘भेग नाही’ असं कधीही लिहू नका. ‘या वेगाने, या तापमानात, एवढ्या रुंदीच्या वरची भेग आढळली नाही’ असं लिहा. आणि जे अधिकारी असे अहवाल स्वीकारतात त्यांना विनंती आहे, की मोजणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्हाला काय दिसू शकलं नसतं? याचं उत्तर अहवालात लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल परत पाठवा. माझा मे महिन्यातला अहवाल कोणीतरी परत पाठवायला हवा होता.